पूर्ण मिनिट मोजणाऱ्या सिस्टर

सिस्टर नाडी पूर्ण मिनिटभर मोजत. यात विशेष ते काय, असं कुणालाही वाटेल. मलाही तेव्हा वाटलं होतं. हल्ली बोटाला चिमटा लावला की आकडा समोर येतो, आणि चिमटा नसेल तर पंधरा सेकंद मोजायचे आणि चारने गुणायचं, एवढं आमच्यासारख्यांनाही माहीत असतं. सिस्टर गुणत नसत. गणवेशावर उलटं टाचलेलं छोटं घड्याळ, मनगटावर दोन बोटं, आणि साठच्या साठ सेकंद. त्या साठ सेकंदांत वॉर्डला आग लागली असती, तर त्यांनी एकसष्टाव्या सेकंदाला बादली शोधायला घेतली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आमची पहिली भेट अशीच मनगट धरून झाली. मला दोहात येऊन दोन वर्षं झाली होती. मी एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर आहे. म्हणजे कुठलं काम किती दिवसांत व्हायला हवं होतं आणि ते का झालं नाही, हे रंगीत पट्ट्यांत दाखवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. एका दुपारी साइटवर छातीत कळ आली आणि लोकांनी मला उचलून हॉस्पिटलात नेलं. मनगट धरून उभ्या असलेल्या नर्सला, आपण अगदीच अडाणी नाही हे कळावं म्हणून, मी इंग्रजीत विचारलं की पंधरा सेकंद मोजून गुणलं तर चालत नाही का? बाई मोजत राहिल्या. मिनिट संपल्यावर त्यांनी कागदावर आकडा लिहिला, माझं नाव वाचलं आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "चालतं ना. पण चुकणारा ठोका पहिल्या पंधरा सेकंदांतच चुकेल, असं त्याने कुठे लिहून दिलंय? घाबरू नको. तुझे सगळे बरोबर पडतायत. सकाळपासून काय खाल्लंस?"

निदान पित्ताचं निघालं. पण परदेशात छाती धरून पडलेल्या माणसाला कुणी मराठीत 'काय खाल्लंस' असं विचारलं की त्याचं काय होतं, ते आखातात राहिलेल्यांना सांगायला नको. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सिस्टरांनी ते पित्ताच्या खात्यावर जमा केलं.

सिस्टर वसईच्या, कॅथलिक. वय साठीला टेकलेलं, लग्न केलेलं नव्हतं, वसईत भाऊ आणि त्याची केळीची बाग. दोहातल्या मराठी मंडळींत नर्सेस डझनभर होत्या, पण 'सिस्टर' म्हटलं की या एकट्याच. शहरातल्या नजमा भागात दोन केरळी नर्सेसबरोबर त्या एका फ्लॅटमध्ये राहत. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, पहाटे चर्चमध्ये मिस्सा, तिथून बसने परत, आणि साडेआठला मराठीचा वर्ग. पर्समध्ये कायम सुकेळी. केळी वाळवून पानात गुंडाळलेली ती वसईची मिठाई त्यांच्याकडे आखातातल्या मे महिन्यातही संपलेली मी पाहिली नाही. तीस वर्षांच्या मुक्कामात 'यल्ला' म्हणजे चला, आणि 'खलास', 'इन्शाल्ला' हे अरबी शब्द त्यांच्या मराठीत असे मुरले होते की येशूच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावतानाही त्या इन्शाल्ला म्हणत.

हे शुक्रवारचे वर्ग म्हणजे आमच्या मंडळींचा जीव की प्राण. दोहात नजमा आणि अल हिलाल, बाहेर अल वकरा, मेसईद आणि अल खोर, अशी पाच केंद्रं. कुठे कुणाच्या व्हिलाचा हॉल, कुठे कॅफेटेरियाच्या वरची खोली. मुलं एरवी इंग्रजी शाळेत जाणारी. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. आपण "पाणी आण रे" म्हणावं आणि पाणी इंग्रजीत यावं, असा सगळ्या घरांतला कारभार. शिकवणारे आम्हीच, फी नाही, पगार नाही.

नजमाच्या वर्गात सिस्टर सगळ्यात लहान मुलांना घेत. मी आमच्या सईला पहिल्यांदा घेऊन गेलो तेव्हा मागे बसून पाहत होतो. त्यांनी एका मुलाला विचारलं, "बूट कुणी घेतले तुला?" मुलाने सवयीने इंग्रजीत उत्तर दिलं. आम्ही बाकीचे शिक्षक काय करायचो? "मराठीत बोल, मराठीत!" असं म्हणून स्वतःच उत्तर सांगून टाकायचो. सिस्टरांनी घड्याळ उलटं करून पाहिलं आणि त्या थांबल्या. चेहऱ्यावर राग नाही, आर्जव नाही. स्टॉपवर उभा माणूस बसची वाट बघतो तशा. मुलगा चुळबुळला, छताकडे पाहिलं, बुटाकडे पाहिलं आणि कितव्यातरी सेकंदाला म्हणाला, "मामाने." सिस्टर म्हणाल्या, "अस्सं." बस्स. शाबासकी नाही, टाळ्या नाहीत. मी थक्क होऊन बघत राहिलो. मी माझ्या मुलीला आठ वर्षांत एकदाही सलग मिनिटभर वेळ दिला नव्हता, हे तिथे त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं.

सईचं दुखणं जरा वेगळं होतं. ती पूर्वी छान मराठी बोलायची. आदल्या सुट्टीत गावी, कराडला गेलो, तिथे चुलत भावंडांना तिच्या बोलण्याची गंमत वाटली. तिला एकच वाक्य परत परत म्हणायला लावायचं आणि हसायचं, असा दोन दिवस खेळ चालला. मुलंच ती, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण सईने तिसऱ्या दिवशी मराठी जे मिटलं ते मिटलंच. दर शुक्रवारी दुपारी माझे बाबा कराडहून व्हिडिओ कॉल करतात. त्यांना इंग्रजीचा गंध नाही. "सईबाय, काय करतीयास?" असं ते विचारत, सई माझ्याकडे बघे, आणि मी तिच्या वतीने उत्तर देई. असा त्या दोघांमधला दुभाषा होऊन मी वर्षभर बसलो होतो. हल्ली कॉल लवकर संपायचा.

मी सिस्टरांना हे सांगितलं, उपाय विचारला. त्या म्हणाल्या, "मुलं भाषा विसरत नाहीत रे. ठेवून देतात. आपण कपाट सारखं उघडून बघायला लागलो, की ती चावी गिळतात." आणि लगेच, "यल्ला, तो फळा पूस."

आता निवडणुकीकडे येतो, कारण सिस्टर म्हटलं की लोकांना तीच आठवते. पाचही केंद्रांचा मिळून एक प्रमुख असतो. दर दोन वर्षांनी कतारभरचे पालक मत देऊन तो निवडतात. एक कुटुंब, एक मत. ही निवडणूक बिनपक्षाची, आणि आम्हा मराठी माणसांना बिनपक्षाचं काही जमवायचं म्हणजे किती नियम करावे लागतात ते बघा. पूर्वी एकदा कोकण, देश आणि मराठवाडा अशी तीन पॅनेलं उभी राहिली होती आणि मुलांच्या वर्गाचा खेळखंडोबा झाला होता. तेव्हा सिस्टरांनी सभेत उभं राहून नियम मांडले, ते आजवर चालत आले आहेत. पॅनेल नाही. उमेदवाराने आपलं गाव सांगायचं नाही, आणि कुणी त्याला विचारायचं नाही. भाषण तर मुळीच नाही. सगळ्या पालकांसमोर त्याने मुलांचा दहा मिनिटं तास घ्यायचा. त्या तासात एका मुलाला तरी बोलतं करायचं, आणि ते मूल उमेदवाराने निवडायचं नाही, चिठ्ठीने निघेल ते. दहा मिनिटं झाली की निवडणूक अधिकारी घंटा वाजवणार. घंटेनंतर उच्चारलेला शब्द धरायचा नाही, कुणाचाही.

गाव न विचारता दोन मराठी माणसं तासभर एका हॉलमध्ये बसू शकतात, हे मी त्या निवडणुकीतच पाहिलं. लोकांना अक्षरशः घाम फुटायचा.

त्या वर्षी दोघं उभे होते. एक निंबाळकर साहेब, बँकेत आयटीचे मोठे अधिकारी, कामाला वाघ आणि माणूस सरळ. त्यांचा विचार असा, की लहान केंद्रं बंद करून सगळे वर्ग ऑनलाइन घ्यावेत. अल खोरला सात मुलं. त्यांच्यासाठी दोहाहून कुणीतरी पन्नास किलोमीटर जायचं, हे कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं. खरं सांगायचं तर प्लॅनिंगवाला म्हणून मलाही ते पटत होतं. आणि अल खोरची ती सात मुलं फळ्यासमोर बसावीत, पडद्यासमोर नाही, एवढ्यासाठी दुसऱ्या उमेदवार होत्या सिस्टर.

"सात मुलं म्हणजे कमी कशी?" त्या मला म्हणाल्या. "सात पेशंट असले तर वॉर्ड बंद करतात काय?"

सिस्टरांविरुद्ध उघड कुणी बोललं नाही. पण आपल्याकडे न बोलता बोलायची रीत आहे. "बाई चांगल्याच आहेत हो, पण भाषा..." असं म्हणून लोक वाक्य अर्धं सोडत. सिस्टर 'मी बोलली', 'तो बोलला' असं वसई-मुंबईकडचं बोलत. मुलांनी प्रमाण मराठी शिकायला हवं, असं काही घरांत फार होतं. सिस्टरांच्या कानावर हे गेलं. त्यांना राग आला नाही, की मला दिसला नाही, देव जाणे. म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. शुद्ध मला येत नाही. मला बोलायला येतं."

निवडणूक अधिकारी म्हणून सभेत माझं नाव आलं. कुणी सुचवलं ते मला तेव्हा कळलं नाही. मी दोघांनाही सांगून टाकलं, की मी घड्याळ लावणार आणि दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. घंटा आमच्या देवघरातली नेली. बायको म्हणाली, "शुक्रवारची पूजा घंटेशिवाय करायची म्हणजे तुमची निवडणूक देवालाही महागात पडली."

ऑक्टोबरातल्या त्या सकाळी अल हिलालच्या व्हिलात मुंगीला वाट नव्हती. अल खोरहून मात्र दोनच गाड्या आल्या. बाकीच्या वडिलांची शिफ्ट होती. निंबाळकर साहेब आधी. त्यांनी दूधपावडरच्या डब्यातून चिठ्ठी काढली, तर निघाला चार महिन्यांपूर्वी पुण्याहून आलेला मुलगा. नशीब म्हणतात ते हे. साहेबांनी प्रश्न पुरा विचारायच्या आत त्याने आपल्या जुन्या शाळेचं वर्णन सुरू केलं, ते घंटा वाजली तेव्हा कुठे मधल्या सुट्टीपर्यंत आलं होतं. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. तास खरोखर छान झाला.

मग सिस्टर. पहिली पाच-सहा मिनिटं त्यांनी सगळ्या मुलांना खिडकीशी नेऊन बाहेर काय काय दिसतं ते सांगायला लावलं. पाण्याची टाकी, मांजर, कुणाची तरी मोटार. मग डब्यात हात घालून चिठ्ठी काढली आणि वाचली, "सई."

हॉलमध्ये कुजबुज झाली; निवडणूक अधिकाऱ्याची मुलगी, आणि सगळ्यांना माहीत, की मुलगी मराठीत तोंड उघडत नाही. निंबाळकर साहेब स्वतः उठले आणि म्हणाले, "सिस्टर, माझी हरकत नाही. दुसरी चिठ्ठी काढा." मीही मान हलवली.

"का?" सिस्टर म्हणाल्या. "हिचं नाव आलंय ना? मग हिची पाळी."

त्या सईसमोर जमिनीवर बसल्या, गुडघे धरून, हळूहळू. विचारलं, "सई, तुझ्या घरच्या खिडकीतून काय दिसतं?" घड्याळ उलटं केलं. थांबल्या.

एक मिनिट गेलं. मिनिट किती मोठं असतं ते दीडशे माणसं गप्प बसली की कळतं. सिस्टर म्हणाल्या, "चालेल. अजून वेळ आहे." दुसरं मिनिट. मागे कुणीतरी खोकलं. कुणाची तरी आई न राहवून म्हणाली, "अहो, सोपं काहीतरी विचारा तिला." सिस्टरांनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांना हरायचं नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. अल खोरची सात मुलं त्या मिनिटांवर टांगलेली होती. दुसरा कुणीही उमेदवार असता तर त्याने सईच्या कानात एक शब्द सांगितला असता, तिने तो पुटपुटला असता, टाळ्या पडल्या असत्या आणि काम झालं असतं. सिस्टर नुसत्या बसून राहिल्या. माझ्या मुलीकडे इतकं निवांत आजवर कुणी पाहिलं नव्हतं, मीही नाही.

फोनवरचं घड्याळ नऊ मिनिटं पन्नास सेकंदांवर आलं. मी घंटा उचलली. आणि मला दिसलं, की सईने मान वर केली आहे, ओठ जरासे उघडले आहेत, श्वास घेतला आहे. बापाला कळतं. दहा मिनिटं भरली. अजून पाच सेकंद. फार तर दहा. घंटा माझ्याच हातात होती, घड्याळ माझ्याच फोनमध्ये. कुणाला कळलंही नसतं.

मी घंटा वाजवली.

सईने तोंड मिटलं. सिस्टर उठल्या, तिच्या गालाला हात लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "घंटा झाली. खलास."

तासाभरात मतं मोजून झाली. सिस्टर अकरा मतांनी हरल्या. आकडा मीच वाचून दाखवला, आणि वाचताना माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. सिस्टर आधी निंबाळकर साहेबांकडे गेल्या, दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून अभिनंदन केलं आणि म्हणाल्या, "साहेब, एक मागणं आहे. अल खोर मला द्या. तुमचं ऑनलाइन सगळीकडे करा, पण ही सात मुलं माझ्याकडे असू देत." हरलेल्या माणसाला मागायला लाज वाटते, यांना वाटली नाही. साहेब गडबडले. म्हणाले, "एक वर्ष, सिस्टर. पुढचं पुढे बघू." "शुक्रन," सिस्टरांनी अरबीत आभार मानले आणि त्या डब्यातल्या उरलेल्या चिठ्ठ्या आवरायला लागल्या.

अल खोरला जायला सिस्टरांकडे गाडी नव्हती. पुढच्या शुक्रवारी सकाळी सव्वासातला मी नजमात त्यांच्या इमारतीखाली गाडी घेऊन उभा राहिलो. मागच्या सीटवर सई. यात माझं पुण्य काही नव्हतं. मला रात्रंदिवस ती घंटा ऐकू येत होती, एवढंच. दोहा मागे पडल्यावर मी विचारलं, "सिस्टर, राग आला का माझा? ती बोलणार होती. मी पाहिलं होतं. तुम्हीही पाहिलंत ना?"

"पाहिलं ना."

"मग?"

"मग काय? दहा मिनिटं झाली होती." थोड्या वेळाने त्या आपणहून म्हणाल्या, "तुझं नाव मीच दिलेलं सभेत. मी बोलली, त्या इंजिनिअरला ठेवा, त्याला एक सेकंद थांबता येत नाही. घंटेला असाच माणूस लागतो. त्या दिवशी तू माझ्यासाठी थांबला असतास, तर मला वाटलं असतं, मी चुकीचा माणूस दिला."

ज्या दोषाबद्दल मी स्वतःला आठवडाभर जाळत होतो, तो बाईंनी हेरून कामाला लावला होता, आणि त्याच्याच पायी त्या हरल्या होत्या. माझ्या आयुष्यात मी मोठे साहेब, कंत्राटदार, मंत्र्यांचे पाहुणे पाहिले आहेत. इतका सरळ माणूस पाहिलेला नाही.

मग ते दर शुक्रवारचं झालं. अल खोरचा वर्ग एका घराच्या दिवाणखान्यात भरे. सात मुलं, एक फळा, आणि खाली पसरलेली चटई. सई तिथे वह्या वाटायची, लहान मुलांच्या पेन्सिलींना टोक करून द्यायची. बोलायची नाही. सिस्टर तिच्याशी भरपूर मराठी बोलत, जणू ती उत्तर देतेच आहे अशा. "सई, तो खडू कुठे गेला गं? अस्सं, तिकडे होय." पण प्रश्न म्हणून त्यांनी तिला पुन्हा काही विचारलं नाही. नोव्हेंबर गेला, नाताळ गेला, फेब्रुवारीची थंडी गेली. माझा धीर सुटत चालला. एकदा सई शेजारच्या खोलीत असताना मी म्हणालो, "सिस्टर, परत विचारा ना तिला. खिडकीचं."

"विचारलंय की एकदा."

"त्याला पाच महिने झाले!"

"ऐकलंय तिने. एकदा बेल वाजवली की दाराशी उभं राहायचं. सारखी वाजवत राहिलास तर आतला माणूस येत नाही, लपून बसतो." आणि मग माझ्याकडे निरखून बघत, "तुझं पित्त कसं आहे? काय खातोस सकाळी?"

एप्रिलमध्ये सिस्टरांना हॉस्पिटलची चिठ्ठी आली. वय झालं होतं. नोकरीची मुदत दरवर्षी वाढवून मिळायची, ती या वर्षी मिळाली नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात वसईला परत. तीस वर्षं राहिलेलं शहर सोडायला त्यांना दोन महिने मिळाले, आणि त्यातले सगळे शुक्रवार त्यांनी अल खोरला दिले. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. निंबाळकर साहेबांनी फारच धरलं तेव्हा त्यांना सांगितलं, "त्यापेक्षा एकदा अल खोरला या आणि मागे बसा." साहेब आले. दोन तास मागे चटईवर मांडी घालून बसले, फोन न बघता. निघताना म्हणाले, "सिस्टर, केंद्र चालू राहील. कोण घेणार तेवढं सांगा." सिस्टरांनी माझ्याकडे बोट केलं. मला कुणी विचारलं नव्हतं.

मे महिन्यातला शेवटचा शुक्रवार. वर्ग संपला, सातही मुलांना सुकेळी वाटून झाली, सगळ्यात लहानगी सिस्टरांच्या गळ्यात पडून रडली. साडेदहाला आम्ही परत निघालो. बाहेर ऊन असं की रस्ता हलताना दिसत होता. सिस्टर पुढच्या सीटवर, मांडीवर पर्स. सोमवारी त्यांचं विमान होतं. मी एसी उगाच कमीजास्त करत होतो.

मागून आवाज आला, "सिस्टर."

आम्ही दोघंही हललो नाही.

"माझ्या खिडकीतून एक माणूस दिसतो. समोरच्या गच्चीवर. तो रोज कबुतरांना दाणे टाकतो." थांबली. मी तोंड उघडलं. काय म्हणणार होतो ते आता आठवत नाही, पण काहीतरी घाईचंच असणार. सिस्टरांनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली, नाडी धरतात तशी, आणि ठेवूनच राहिल्या. मी तोंड मिटलं. सई पुढे म्हणाली, "एक पांढरं आहे. त्याला तो हातावर घेऊन भरवतो. बाकीच्यांना नाही."

दोहाच्या मुंतझा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी चार वर्षं राहत होतो. समोरच्या गच्चीवर माणूस येतो हे मला ठाऊक नव्हतं.

सिस्टरांनी गणवेशावर असायचं तिथे, साध्या ब्लाउजवर टाचलेलं आपलं घड्याळ उलटं करून पाहिलं. ऑक्टोबरात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मेमध्ये आलं होतं. त्या म्हणाल्या, "अस्सं. वेळेत आलीस." शाबासकी नाही, टाळ्या नाहीत. फक्त त्यांचा आवाज जरासा भिजलेला होता. माझं म्हणाल तर मला पुढचा रस्ता नीट दिसत नव्हता. मी गाडी कडेला घेतली, आणि कुणीही, का थांबलास, असं विचारलं नाही.

नजमात उतरताना त्यांनी सईच्या हातात उरलेली सुकेळी दिली. मला म्हणाल्या, "यल्ला. पुढच्या शुक्रवारी उशीर करू नको, ती पोरं साडेआठला येऊन बसतात." आणि जिना चढून गेल्या. मागे वळून पाहिलं नाही. सोमवारी विमानतळावर यायचं नाही, असं आधीच बजावलं होतं.

त्याच दुपारी नेहमीसारखा कराडहून कॉल आला. बाबांनी नेहमीसारखं विचारलं, "सईबाय, काय करतीयास?" आणि मी उत्तर द्यायला सवयीने पुढे झालो. मग स्वतःला आवरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. सई खिडकीकडे बघत होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आजोबा, इथे एक माणूस आहे, तो कबुतरांना दाणे टाकतो." आणि मग सगळं सांगितलं, गच्ची, दाणे, हातावरचं पांढरं.

पलीकडून काहीच आवाज येईना. बाबांनी फोन कुठेतरी खाली ठेवला असावा, पडद्यावर नुसतं छत दिसत होतं. नेट गेलं असेल म्हणून मी हात पुढे केला, आणि परत मागे घेतला. सईसुद्धा थांबली होती, छताकडे बघत. पूर्ण मिनिट गेलं.

मग बाबांचा आवाज आला, "आन् त्या पांढऱ्याचं नाव काय ठिवलंय गं त्यानं?"